शेगडीपासून अकरावी खुर्ची

ग्राट्सच्या कॉफीहाउसात हॉफराट वाइसेनेगर माझ्यासमोर बसून कॉफीत साखर ढवळत होते, आणि या माणसाला येत्या शनिवारच्या समारंभातून काय काय मिळणार आहे याची मी मनातल्या मनात बेरीज करत होते. व्हिएन्नातली वरची जागा मिळणार, हे त्यांच्या खात्यात शिपायालासुद्धा ठाऊक होतं. ज्या लेखिकेला तिच्या गावानं सव्वीस वर्षं वाळीत टाकलं, तिच्या गळ्यात पदक घालणारा मोठ्या मनाचा माणूस, असं नाव मिळणार होतं. पेपरात फोटो येणार होता, आणि फोटोत शोभेला एक साडी नेसलेली भारतीय बाई, म्हणजे मी. आणखीही एक गोष्ट त्यांना हवी होती, पण ती अजून त्यांनी तोंडातून काढली नव्हती. ती माझ्याकडूनच मिळायची असणार, कारण केकचा दुसरा तुकडा त्यांनी मला न विचारताच मागवला होता.

ही १९८७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी पुण्याच्या एका कॉलेजात जर्मन शिकवत होते. बारा वर्षांची अधिव्याख्याती, पुढे सरकण्याची काही चिन्हं नाहीत. पण ऑस्ट्रियात पाऊल टाकलं आणि त्याच दिवशी 'फ्राउ प्रोफेसर' झाले. तिथे माणसाला पदवीशिवाय हाक मारणं म्हणजे आपल्याकडे सवाष्णीला कुंकू न लावता परत पाठवणं. हॉफराट म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार १९१८ साली उठला, बादशहा परदेशात जाऊन वारला, पण सल्लागार अजून नेमले जातात. अशा देशात मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करते.

वाइसेनेगर मला समजावत होते की ऑस्ट्रियाचं साहित्य ही जर्मनीच्या साहित्याची फांदी नव्हे. भाषा एक असेल, जात वेगळी. जर्मन माणूस बोलतो ते काहीतरी पोचवायला. आमचा माणूस बोलताना स्वतःच्याच वाक्यावर संशय घेत असतो. आमच्याकडे हसू आहे, मरणाची हौस आहे, अदबीत गुंडाळलेलं विष आहे. युद्धानंतर तर काही वर्षं शाळेच्या प्रगतिपुस्तकात आम्ही 'जर्मन' हा शब्दच ठेवला नव्हता, त्या विषयाला 'शिकवण्याची भाषा' म्हणायचो. हे सगळं जगाच्या भाषांत जायला हवं, मराठीतसुद्धा. मी मान डोलवत होते. यातलं काहीच खोटं नव्हतं. हेच मी पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका तोंडून ऐकलं होतं, फक्त तिथे त्याला साखर नव्हती.

"आम्ही जर्मन नाही हे आम्हाला पंचेचाळीसच्या वसंतात कळलं," नोटबुर्गा लाइटगेब म्हणाली होती. "सोमवारी आम्ही जर्मनांपेक्षा जर्मन होतो. गुरुवारी हिटलरचे पहिले बळी. मधल्या मंगळवार-बुधवारावर आमच्याकडे साहित्य नाही."

ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. श्ट्रालबाख नावाच्या डोंगराळ गावात, दगडखाणीच्या अलीकडच्या शेवटच्या घरात एकटी राहायची. कधीकाळी त्या गावच्या शाळेत मास्तरीण होती. १९६१ साली तिनं 'खाणीची वाट' ही कादंबरी लिहिली. ऑस्ट्रियातल्या एकाही प्रकाशकानं ती घेतली नाही. शेवटी म्युनिकच्या एकानं छापली, आणि तीही छापताना तिच्या डोंगराकडचे शब्द काढून सभ्य जर्मन शब्द घातले. हिनं लाल पेन्सिल घेऊन तीनशे चाळीस ठिकाणी आपले शब्द परत बसवले. प्रकाशक कंटाळून गप्प बसला. गाव मात्र कंटाळलं नाही. गावानं पुस्तक वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पाववाल्यानं तिला 'ग्र्यूस गॉट', म्हणजे तिकडचा रामराम, म्हणणं सोडलं. पाव द्यायचा, पैसे घ्यायचा, देवाचं नाव मात्र घ्यायचा नाही.

झगडा सगळा सातव्या प्रकरणाचा होता. युद्ध संपायला महिना उरला असताना हंगेरीतून हाकत आणलेल्या ज्यू कैद्यांची रांग त्या गावावरून गेली. ज्यांना पाऊल टाकवेना अशा सत्तावीस जणांना पहारेकरी मागे सोडून गेले. गावच्या खानावळीत शेगडीशेजारी एक गोल टेबल होतं, ठरलेल्या मंडळींचं. तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही अशी रीत. त्या संध्याकाळी त्या टेबलावरचे अकरा जण उठले, बंदुका घेतल्या, सत्तावीस जणांना खाणीकडे घेऊन गेले, आणि दीड तासानं परत येऊन आपापल्या खुर्चीत बसले. प्रकरणात एवढंच आहे. आणि त्या अकरांची नावं आहेत, शेगडीपासून सुरू करून खुर्च्यांच्या क्रमानं, आडनाव आधी, हजेरी घेतात तशी. नावं खरी. कोणी अब्रूनुकसानीचा दावा लावला नाही. कोर्टात नावं मोठ्यानं वाचतात, हे अकरा घरांना चांगलं माहीत होतं.

मी तीन महिन्यांच्या शिष्यवृत्तीवर हे पुस्तक मराठीत करायला आले होते. आठवड्यातून दोनदा बसनं श्ट्रालबाखला जायचे. तिची कामाची पद्धत विचित्र होती. जे मराठीत केलं असेल ते मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचं. मी म्हटलं, तुम्हाला तर मराठीचं अक्षर येत नाही. ती म्हणाली, अर्थ मला पाठ आहे, तुम्ही श्वास कुठे घेता ते ऐकायचंय. टेबलावर भोपळ्याच्या हिरव्या बियांचं ताट असायचं, त्या भागात त्यांचं तेल काढतात. डोळे मिटून बिया चाचपत ऐकायची. एकदा मी तिचं पाऊणपानी वाक्य तीन तुकड्यांत तोडलं होतं, तर डोळे न उघडता म्हणाली, "इथे तुम्हाला वाचकाची दया आली, फ्राउ शेवडे. त्याची काही गरज नाही." ती मला प्रोफेसर म्हणत नसे. तिनं पुण्याला पत्र टाकून चौकशी केली होती.

सातवं प्रकरण वाचलं त्या दिवशी प्रत्येक नावागणिक तिनं टेबलावर एक बी ठेवली. पुखर योहान. ट्रुमर फ्रान्झ. होल्ट्सर सेप. मराठी वाक्यांच्या मधून ती नावं पाण्यात दगड पडावेत तशी पडत होती. शेवटचं नाव झालं, वाइसेनेगर आलोइस, आणि अकरा बियांचं कडं पुरं झालं. मग तिनं बारावी उचलली आणि कड्याबाहेर, टेबलाच्या काठाशी ठेवली.

"ही मी," ती म्हणाली. "खानावळ माझ्या बहिणीची होती. मी मदतीला गेले होते. ते परत आले तेव्हा अकरा ग्लास मी भरले. म्हणून आकडा पक्का आहे."

ती बी तिनं तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

मग तिनं मला समारंभाचं सांगितलं. पुढच्या वर्षी हिटलर व्हिएन्नात आला त्याला पन्नास वर्षं पुरी होणार होती, परदेशी पेपरवाले प्रश्न विचारणार होते, तेव्हा सरकारला आपल्याकडेही खरं बोलणारे लेखक होते हे दाखवायची घाई झाली होती. म्हणून पदक. तेही श्ट्रालबाखमध्येच, शाळेच्या हॉलमध्ये, गावासमोर. गावकऱ्यांनी एकच अट घातली, पुस्तकातलं काही जर्मनमधून वाचायचं नाही. हॉफराटांनी तोड काढली, भारतीय बाई मराठीत वाचेल. कानाला गोड, डोक्याला त्रास नाही. प्रकरण कोणतं ते लेखिकेनं ठरवावं. तिनं सातवं ठरवलं, आणि कोणी हरकत घेतली नाही.

"त्यांना वाटतं काही कळणार नाही," ती म्हणाली. "नावं कुठल्याही भाषेत कळतात. माझ्याच्यानं ती या गावात उच्चारवली नाहीत. कागदावर लिहिली, पण तोंडानं नाही. तुम्ही वाचाल?"

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, हेही लिहून ठेवते.

निघताना तिनं विचारलं, तुमच्याकडे घेतात का कोणी नावं? तेव्हा मी तिला वडिलांच्या दुकानाचं सांगितलं. सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. गांधीजींचा खून झाल्यावर ब्राह्मणांची घरंदारं पेटली त्यात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान गेलं. माणूस कोणी दगावला नाही, तुमच्या गोष्टीशी त्याची बरोबरी नाही, हेही सांगितलं. वडील समोरच्या माळ्यावर लपून सगळं पाहत होते. जाळणारे ओळखीचे होते. पुढे तीस वर्षं त्यांच्याच मुलांना वह्या विकल्या. कोण होते म्हणून विचारलं की म्हणायचे, "नावं घेऊन काय मिळतं?" लाइटगेबबाईनं ताटातल्या बिया सारख्या केल्या. मग म्हणाली की हा प्रश्न दुकानदाराचा आहे, साक्षीदाराचा नाही.

तर, कॉफीहाउस. केकचा दुसरा तुकडा आला आणि हॉफराट मुद्द्यावर आले. सातव्या प्रकरणात कोणाची नावं आहेत हे कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता प्रकरण बदलावं तर व्हिएन्नाचे पत्रकार विचारणार का बदललं. तेव्हा प्रकरण राहू दे. दहा नावंही राहू देत. ते सगळे गेले.

"मेलेल्यांना साहित्य सोसतं, फ्राउ प्रोफेसर," ते म्हणाले. "माझे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. पहिल्या रांगेत बसतील. अग्निशमन दलाचे मानद कमांडर आहेत."

मी विचारलं, मग त्यांना आणता कशाला. त्यावर ते दुखावल्यासारखे झाले. गावातली प्रत्येक सभा ते पहिल्या रांगेत बसूनच ऐकतात. त्या दिवशी खुर्ची रिकामी दिसली तर ती नावापेक्षा जास्त बोलेल. खरं होतं ते. माणूस मूर्ख नव्हता.

पुढचं त्यांनी अदबीनं मांडलं. ऑस्ट्रियन साहित्याच्या पाच पुस्तकांची मराठी मालिका. दोन वर्षं व्हिएन्नात, राहायला घर. संपादक म्हणून माझं नाव. आणि मागणी तरी केवढी? एका वाक्यातलं एक नाव. छापील पुस्तकातसुद्धा नको असलं तर उत्तम, पण निदान शनिवारी. पुण्याच्या वाचकाला वाइसेनेगर काय आणि होल्ट्सर काय?

मला वाटत होतं की अशा वेळी माणूस स्वतःशी झगडतो. मी नाही झगडले. मला एवढंच दिसलं की बारा वर्षं मी ज्या साहित्याबद्दल खडू झिजवतेय ते पाच पुस्तकांनी मराठीत येईल, आणि ज्या विभागप्रमुखानं माझी बढती अडवली त्याला ती पुस्तकं ग्रंथालयात लावून घ्यावी लागतील. एका पारड्यात पाच पुस्तकं. दुसऱ्या पारड्यात एका म्हाताऱ्याचं आडनाव. आणि मनात वडिलांचा आवाज, नावं घेऊन काय मिळतं.

होकार असा मी दिलाच नाही. केक संपवला.

शनिवारी शाळेचा हॉल भरला होता. व्यासपीठावर झेंडा, कुंड्या, मखमलीच्या डबीत पदक. एका बाजूला गावचा बँड, पितळी वाद्यं चकचकीत. पहिल्या रांगेत मधोमध म्हातारे वाइसेनेगर, अंगावर अग्निशमन दलाचा गणवेश, छातीवर बिल्ले, गुडघ्यांवर दोन्ही हात. शेजारी त्यांची सून. त्याच रांगेच्या टोकाला नोटबुर्गा लाइटगेब, तपकिरी कोटात, कोटाचं बटण न काढता. तिच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये दोन खुर्च्या मोकळ्या ठेवल्या होत्या. कुणी ठेवा म्हणून सांगितलं नसणार. त्या आपोआप राहिल्या.

हॉफराट सुंदर बोलले. आमच्या या छोट्या देशाला स्वतःचा आवाज आहे म्हणाले, आणि तो आवाज कधी कधी आपल्यालाच टोचतो, पण टोचणं हेही प्रेमच. टाळ्या झाल्या. मग त्यांनी माझी ओळख करून दिली आणि मी वाचायला उभी राहिले.

सुरुवातीला लोक हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते, जसं लग्नात कुणाच्या पाहुण्यानं परमुलखातलं गाणं म्हणावं. दुसऱ्या रांगेतली एक बाई माझ्या साडीचा काठ पाहत होती. मी शेगडीपर्यंत आले, टेबलापर्यंत आले, श्वास घेतला, आणि म्हटलं, "पुखर, योहान."

हसणं एकदम थांबलं नाही. विरत गेलं. मधल्या रांगेतला एक लठ्ठ माणूस मागे टेकून बसला होता तो पुढे झाला. "ट्रुमर, फ्रान्झ." डावीकडून खुर्ची करकरली. "होल्ट्सर, सेप." साडीचा काठ पाहणाऱ्या बाईनं पर्स उघडली आणि तशीच उघडी धरून ठेवली. मधलं मराठी कोणाला कळत नव्हतं, आता ते कळायची गरजही उरली नव्हती. पुढचं नाव कुणाचं ते हॉलमधला प्रत्येक जण माझ्या आधी जाणत होता. ते टेबल त्या खानावळीत अजून होतं. क्रेन. राउख. श्टाडलर. नाव आलं की ते घर कुठे बसलंय ते मला कोणी न सांगताही कळायचं, कारण शेजारचे त्या घराकडे पाहायचे आणि ते घर जमिनीकडे.

लाइटगेबबाईनं कोटाच्या खिशातून बिया काढल्या होत्या. डाव्या तळहातावर एकेक ठेवत होती. ओठ हलत होते. आयुष्यात पहिल्यांदा ती ते शब्द सगळ्या गावासमोर ऐकत होती, आणि तिचा चेहरा, काय सांगू, एखाद्याच्या पायातला जुना काटा निघताना होतो तसा झाला होता. मी तो पाहिला. पाहूनही पुढे वाचलं.

"मुक्सर, व्हिन्सेन्स," मी म्हटलं. दहा झाले.

"आणि आणखी एक जण."

हे मी मराठीत म्हटलं, आवाज किंचितही न बदलता, आणि पुढच्या वाक्याला लागले. बंदुका, खाणीची वाट, चिखल. हॉलमध्ये कोणीतरी श्वास सोडला, मग सगळ्यांनीच सोडला. दहा घरांना गावासमोर उभं केलं होतं आणि अकरावं घर बचावलं होतं. पण ते बचावलं यातच त्यांना सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. बाईच्या हातात अकरावी बी तशीच होती, दोन बोटांत. ती माझ्याकडे पाहत राहिली. राग नव्हता त्या पाहण्यात. ती वाट पाहत होती. तिला वाटत होतं मी चुकून ओळ गाळली आणि आता मागे येईन.

मी मागे आले नाही. मागे आले ते म्हातारे वाइसेनेगर.

आधी ते खुर्चीत हलले. सुनेनं हात धरला, तो त्यांनी झटकला. मग उठले, टाचा जुळवल्या, आणि स्वच्छ, जुन्या परेडच्या आवाजात म्हणाले, "वाइसेनेगर, आलोइस. हजर."

मी वाचायची थांबले.

"पपा, बसा," हॉफराट व्यासपीठावरून हळूच म्हणाले.

"हिनं मला वगळलं," म्हातारा म्हणाला. तो मुलाशी बोलत नव्हता, सभेकडे तक्रार करत होता. "शेगडीपासून मोजलं तर मी अकरावा. दहाच घेतले. मी होतो की तिथे. माझी खुर्ची आहे."

म्हातारा तसाच उभा, खरोखर अपमान झाल्याच्या चेहऱ्यानं. चाळीसएक वर्षं त्या टेबलावर त्याची जागा कोणी घेतली नव्हती, आणि आज एक परदेशी बाई ती काढून घेत होती. खाणीचं त्याच्या डोक्यात काय उरलं होतं देव जाणे. खुर्ची उरली होती.

आणि मग मी ऑस्ट्रियाचं ते स्वतंत्र सांस्कृतिक रूप पाहिलं, ज्याच्यावर मी बारा वर्षं व्याख्यानं दिली होती. बँडमास्तरनं काठी उचलली. त्याला कोणी खूण केली की नाही मला सांगता येणार नाही. पोरसवदा नव्हता, साठीचा माणूस होता; त्यानं ओळखलं की आता वाजवायला हवं. तुताऱ्या, ढोल, डोंगराकडची चाल. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी ते विचारू नका. म्हाताऱ्यानं वाद्यांचा आवाज ऐकला आणि सलाम ठोकला. सुनेनं त्याला तशाच सलामात बसवलं.

त्या गोंगाटात नोटबुर्गा लाइटगेब उठली. पदकाच्या टेबलाजवळून गेली, पदकाकडे पाहिलंही नाही, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अकरावं नाव त्यानं घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही नाही."

मी हातातली पानं मिटली.

"काय मिळालं?" तिनं विचारलं. मास्तरीण विचारते तसं, उत्तर येईपर्यंत हलायचं नाही असं.

"पाच पुस्तकं," मी म्हटलं. खोटं सुचलं नाही.

"स्वस्तात गेलात."

बँडच्या आवाजात एवढंच, पण मला अजून एवढंच ऐकू येतं. तिनं माझा हात उघडला, त्यात दहा बिया ठेवल्या, अकरावी आपल्या खिशात टाकली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेली. तिला वाट द्यायला लोक बाजूला सरले. ती त्यांची सभ्यता.

आता या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा काय पदरात पडलं ते सांगायला हरकत नाही. पेपरांत आलं की एका आजारी वृद्धाचा भर सभेत छळ झाला, आणि छळ करणारीचं नाव लाइटगेब. गावच्या डॉक्टरनं लिहून दिलं की म्हाताऱ्याला काल-आजचा मेळ राहत नाही, सबब तो म्हणाला त्याला अर्थ नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो आपल्या बिछान्यात गेला. बँड होता, फुलं होती, अग्निशमन दलाची सलामी होती. हॉफराट सहा महिने उशिरा का होईना, व्हिएन्नाला गेले. तिथून त्यांनी मला अतिशय नम्र पत्र पाठवलं, मायन्यात 'परम आदरणीय फ्राउ प्रोफेसर', आणि मजकुरात असं की मालिका काही कारणानं स्थगित आहे. म्हणजे ती पाच पुस्तकंही गेली. मी चिडले, आणि चिडताना स्वतःचीच लाज वाटली, कारण फसवलेल्यानं चिडावं. मी तर भागीदार होते.

लाइटगेबबाईच्या घराच्या काचा त्या आठवड्यात दोनदा फुटल्या. तिनं नवीन बसवल्या नाहीत, पुठ्ठे लावले. मराठी भाषांतराची परवानगी तिनं एका ओळीत काढून घेतली: तुमच्या मराठीत दहा खुर्च्या आहेत, माझ्या पुस्तकात अकरा, तेव्हा हे माझं पुस्तक नव्हे. मी माफीची चार पत्रं पाठवली. उत्तर नाही. अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत ती न्यूमोनियानं गेली. पुठ्ठ्यांची थंडी भोवली असणार. गावात कोणी मेलं की चर्चच्या दारावर कागद लावतात. तिचा कागद दोनदा फाडला, असं तिच्या भाचीनं मला कळवलं.

माझं हस्तलिखित कपाटात आहे. त्यात अकरावं नाव मी पहिल्यापासून लिहिलेलं होतं. फक्त वाचलं नव्हतं.

परत आल्यावर एकदा वडिलांना मी पुन्हा विचारलं. यावेळी असं म्हटलं की काही मिळायला नको आहे, नुसती नावं सांगा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सात नावं सांगितली. एका दमात, पेठेच्या वेशीकडून घरांच्या क्रमानं. चाळीस वर्षं पाठ होती. नंतर म्हणाले, आता कोणाला सांगू नकोस, आणि जेवायला उठले.

म्हाताऱ्यानं या सगळ्याची काही किंमत भरली नाही. त्याच्या मुलानं नाही, बँडनं नाही, गावानं नाही. मी एक पुस्तक भरलं, जे माझं नव्हतंच. बाईनं घर, गाव, अठ्ठेचाळीसाव्या वर्षापासूनचं सगळं आयुष्य भरलं, तरी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही, कारण तिला फक्त ग्लास मोजता आले होते. सातव्या प्रकरणात मारणाऱ्यांची अकरा नावं आहेत, मेलेल्यांचं एकही नाही. तिनं हंगेरीला, व्हिएन्नाला, कुठे कुठे पत्रं घातली होती. कोणाकडे यादी नव्हती. खरी किंमत मोजली ती त्या सत्तावीस जणांनी. त्यांची नावं वगळा म्हणून मला कोणी केक खाऊ घातला नाही. घालायची गरजच नव्हती, ती नावं त्या संध्याकाळी कोणी विचारलीच नव्हती.